बानूच्या गालातले दोरे

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

वाशी,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. बानूस म्हाळसाआक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक, म्हणजे जसं असायचं तसंच. तुझ्या दाजींच्या खुब्याचं हाड जुळलं असं डॉक्टर म्हणतात, पण कॉटवरून उठवायला अजून दोन माणसं लागतात आणि त्यातलं एक मी. परवा तू फोन केलास तेव्हा मी नुसतं व्हय व्हय करत होते. ऐकू काही आलं नाही. माझे कान गेले हे आता मान्य कर आणि पत्र लिहीत जा. पत्र मला दोनदा वाचता येतं, फोन एकदाही ऐकू येत नाही.

आता मुद्द्याचं. आमची सृष्टी रविवारी सोलापूरहून आली होती. नर्स झाली तरी आजीशी खोटं बोलायला ती अजून शिकलेली नाही. तिच्या त्या कातडीच्या दवाखान्यात म्हणे तू जाऊन आलीस आणि गालात दोरे घालून ते वर ओढून घ्यायचं ठरवलंस. मला आधी वाटलं, पोरगी थट्टा करतेय. मग तिनं मोबाइलवर एका बाईचे फोटो दाखवले, आधीचा आणि नंतरचा. नंतरच्या फोटोत ती बाई कुणीतरी मागून वेणी ओढल्यासारखी दिसत होती.

बानू, वर्षभरात तू शाळेतून रिटायर होणार. तुझे मालक जाऊन किती वर्षं झाली. आता हे कुणासाठी? अणदुरात ही गोष्ट लपणार नाही. मास्तरीणबाईंना म्हातारपणी डोहाळे लागले म्हणतील आणि ते माझ्या सासरपर्यंत येईल. आप्पांनी आपल्याला खंडोबाच्या दोन बायकांची नावं ठेवली. सख्ख्या बहिणींना सवतींची नावं देणारा बाप अख्ख्या जिल्ह्यात एकच. पण नाव बानू असलं म्हणून कुणी देव तुझ्यासाठी मेंढरं राखायला येणार नाही, हे तुला कळायला हवं.

आईला असं सोडून तू सोलापूरच्या चकरा मारतेस याचा मला राग आलाय. आईचं कसं आहे ते सविस्तर लिही. मला येववत नाही म्हणून जीव तुटतो.

रागावले तरी तुझ्यावरचा जीव कमी झालेला नाही, हे ध्यानात ठेव.

तुझी,
म्हाळसाआक्का

अणदूर,
३० नोव्हेंबर २०२४

ती. म्हाळसाआक्कास बानूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. शेजारच्या रुद्रम्माकाकूंसमोर वाचलं आणि हसले. हसू ओसरल्यावर मात्र वाईट वाटलं. तुला खरं कारण सांगायचं नव्हतं, कारण तू तिथं बसून काही करू शकत नाहीस आणि नुसती रडशील. पण आता लिहिते.

आक्का, आई मला ओळखत नाही हे तुला माहीत आहे. ती मला कोण समजते, हे मी तुला लिहिलं नव्हतं. ती मला आज्जी समजते. आप्पांची आई. मी समोर गेले की आई डोक्यावरून पदर ओढते, भिंतीला सरकते आणि खाली बघत उभी राहते. ह्या वयात, त्या गुडघ्यांनी. मी ताट पुढं केलं की हात मागं घेते. व्हय आत्याबाई, न्हाई आत्याबाई, एवढंच बोलते.

गेल्या वर्षी मला डेंग्यू झाला, त्यात मी वाळले आणि गाल खाली आले. एकदा आरशात मीच दचकले. देवघरातल्या फोटोतली आज्जी चष्मा लावून उभी. तशीच ओघळलेली गालफडं, तोंडाच्या दोन्ही कडांना तशाच घड्या. आज्जीनं आईला कसं उपाशी ठेवलं, चिमट्यानं कसं मारलं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. तीच बाई रोज हातात ताट घेऊन पुढ्यात आली तर आईच्या घशाखाली घास कसा उतरेल? मी जेवून, ताट झाकून शाळेत गेले की मागं ती थोडंफार खाते, असं रुद्रम्माकाकू सांगतात. म्हणजे मी डोळ्याआड झाले की. सुटीच्या दिवशी तर नुसत्या पाण्यावर असते, कारण मी दिवसभर समोर. तिचे दंड आता माझ्या मुठीत मावतात.

दिवाळीनंतर एक दिवस पहाटे गार होतं म्हणून मी मफलर हनुवटीखालून घट्ट बांधला होता. गाल वर गेले असणार. आईनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली की बानू, कधी आलीस, चहा घेतलास का. आक्का, दीड वर्षानं माझं नाव तिच्या तोंडून ऐकलं. मी चुलीपाशी बसून राहिले, हलले नाही, मफलर सुटेल म्हणून. पुढं रोज बांधून बघितला. पुन्हा काही ती बोलली नाही. शाळेतली पोरं मात्र मला दात दुखतोय का म्हणून विचारायला लागली.

तर हे असं आहे. मला तरुण दिसायचं नाही. मला फक्त आज्जीसारखं दिसायचं नाही. तेवढं झालं तर आई जेवेल.

आता तुला रागवायचं असेल तर रागव. पण सृष्टीला काही बोलू नकोस. तुझ्या लोभावरच माझं चाललंय.

तुझी,
बानू

वाशी,
६ डिसेंबर २०२४

चि. बानूस अ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. दाजींना वाटलं, कानाबरोबर आता वाचाही गेली.

मी नको म्हणत नाही. सृष्टीला दवाखान्यातून बोलावून घेतलं आणि शेजारी बसवून सगळं मोठ्यानं सांगायला लावलं. ती म्हणाली की ही काही मोठी चिरफाड नाही, भूल चेहऱ्यापुरती असते, तासाभरात होतं आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. पण दोऱ्यांनी गाल थोडेच उचलले जातात, तिशीतला चेहरा परत येत नाही. दोरे आत हळूहळू विरघळतात, आणि वर्ष-दीड वर्षात गाल पुन्हा आपल्या जागी. सूज येते, काळंनिळं होतं, कधी एक बाजू वर आणि एक खाली राहते, कधी कातडीला खळगा पडतो, क्वचित दोरा टोचत बाहेर येतो. कुणाला पू होतो. मी विचारलं की ह्यात भरवशाचं काय आहे. ती म्हणाली, सूज.

तिच्या डॉक्टरीणबाईंना आईचं सगळं सांगितलंस का? नसेल तर सांग. एका मफलरावर तू एवढी उडी घेतेस याची मला धास्ती वाटते. म्हातारं माणूस एक दिवस ओळखतं, दुसऱ्या दिवशी विसरतं. तो दिवसच चांगला होता असंही असेल. पण तुझ्या जागी मी असते तर मीही गेले असते, हे खरं.

दोरे घातल्यावर काही आठवडे आईची उचलाउचल तुला जमायची नाही. रुद्रम्माकाकूंना माझा नमस्कार सांग आणि म्हाळसेनं पाया पडून विनंती केलीय म्हण. येताना जाताना सृष्टीला बरोबर घे. एकटीनं एस.टी.नं येऊ नकोस.

खंडोबा तुझ्या पाठीशी राहो. माझा लोभ आहे तसाच आहे.

म्हाळसाआक्का

अणदूर,
२२ डिसेंबर २०२४

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

झालं एकदाचं. डावा गाल निळा आहे आणि उजवा पिवळा, म्हणजे उजवा लवकर सुधारतोय असं सृष्टी म्हणते.

डॉक्टरीणबाई चांगल्या वाटल्या. त्यांना आईचं सांगितलं तेव्हा हातातलं पेन ठेवून त्या म्हणाल्या की मी गाल उचलून देईन, ओळख उचलून देणं माझ्या हातात नाही, तुम्ही अजून विचार करा. मी म्हटलं, केलाय. मग त्यांनी चेहऱ्यावर रेघा मारल्या, सुया टोचून बधिर केलं आणि कानशिलापाशी बारीक भोक पाडून लांब सुईनं दोरा आत घातला. परकराच्या नेफ्यातून नाडी ओवतात ना, अगदी तसं. दोऱ्याला बारीक काटे असतात, ते आतून कातडीला धरतात. दुखलं फारसं नाही, पण कानात करकर आवाज येत होता तो अजून आठवतो.

आता उताणं झोपायचं, उशी उंच घ्यायची, वाकायचं नाही, तोंड मोठं उघडायचं नाही, जांभईसुद्धा मिटल्या तोंडानं द्यायची. भाकरी बंद. मी स्वयंपाकघरात बसून हुलग्याचं माडगं पिते, तेही चमच्यानं, आणि ओघळतं म्हणून कुणासमोर पीत नाही.

आईचं सांगते. सोलापूरहून आले तेव्हा तोंडावरची ओढणी काढून तिच्यापुढं उभी राहिले. आईनं बघितलं. आक्का, तिनं पदर ओढला नाही. भिंतीला सरकली नाही. सरळ माझ्या डोळ्यात बघून विचारलं की तुम्ही कुठल्या, उन्हाचं आलात, पाणी घ्या. मी सोलापूरची म्हणून सांगितलं. तर म्हणाली की आमची बानू तिकडंच शिकायला हाय. मला रडू आलं, पण तोंड उघडायचं नाही म्हणून नाकानं रडले.

भीती गेली एवढं तर झालं. सूज उतरली की चेहरा नीट बसेल असं बाई म्हणाल्या. मग ती ओळखेल. गावात लोक बोलतायत ते बोलू देत. देव दर वर्षीच्या मुक्कामाला सध्या नळदुर्गला आहेत, इथलं देऊळ सुनं आहे, लोकांना दुसरी काही करमणूक नाही.

दाजींची काळजी घे. माझ्यावर माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
बानू

वाशी,
२८ डिसेंबर २०२४

चि. बानूस अ. आ. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी दाजींना पेज भरवत होते. तशीच उठले आणि वाचलं. त्यांची पेज गार झाली, पण ओरडले नाहीत. आई सरळ तुझ्या डोळ्यात बघून बोलली हे वाचून मी देवापुढं दिवा लावला. पाव्हणी तर पाव्हणी. पाव्हणीला आपल्या आईनं कधी उपाशी पाठवलं नाही, आता बसल्या जागी चहा मागून घे.

पण बानू, तू दोन पानं भरून लिहिलंस. गालाचं लिहिलंस, सुईचं लिहिलंस, जांभईचं लिहिलंस. आई जेवली का, हे लिहिलं नाहीस. मी पत्र पुन्हा पुन्हा वाचलं, वाटलं माझ्याच डोळ्यातून निसटलं. विसरलीस की लिहवलं नाही? काय असेल ते कळव. माझ्यापासून लपवून मला बरं वाटणार नाही.

उत्तराची वाट बघतेय. आहे तो लोभ वाढव.

म्हाळसाआक्का

अणदूर,
८ जानेवारी २०२५

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

विसरले नव्हते. लिहवलं नाही.

आई जेवत नाही. आधी थोडं तरी खायची, आता तेही नाही. मी सुटीवर घरीच आहे. सूज उतरली, डाग गेले, गाल वर बसले. सृष्टी म्हणते, रिझल्ट फार छान आलाय. आई मला रोज नव्यानं विचारते की तुम्ही कुठल्या, आणि मी ताट पुढं केलं की हात जोडून नको म्हणते. चिडत नाही, घाबरत नाही. नुसती दाराकडं बघत बसते. मला वाटलं, अनोळखी बाईच्या हातचं खायला लाजते. म्हणून रुद्रम्माकाकूंनी भरवून बघितलं. तोंड मिटून घेतलं.

परवा दुपारी मी तिच्याजवळ बसून पाव्हणीसारखं विचारलं की आजी, भूक नाही का. तर ती माझ्या कानाशी येऊन, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली की बाई, भूक लई लागलीय, पर आत्याबाई अजून जेवल्या न्हाईत. कुठं गेल्यात काय म्हाईत, लई दिस झालं दिसल्या न्हाईत. त्या जेवल्या की मग मी बसंन. त्यांच्या आधी कसं बसू?

आक्का, माझ्या हातातलं ताट तिथंच राहिलं.

ती आज्जीला घाबरून उपाशी राहत नव्हती. ती सून होती. सासू ताट घेऊन समोर उभी आणि सुनेनं बसून घास घ्यायचा, हे तिला कसं जमावं? ती माझ्या जेवण्याची वाट बघत उभी राहायची. शाळेत जायच्या दिवशी मी तिच्या डोळ्यांसमोर जेवायचे, म्हणून मागाहून तीही जेवायची. सुटीच्या दिवशी मी तिनं खाल्ल्याशिवाय खायचं नाही म्हणून हट्टानं उपाशी बसायचे. दोघी एकमेकींसाठी थांबलेल्या. मी नुसतं चार घास खाऊन, आता तू बस, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्याला सोलापूरला जावं लागत नव्हतं.

तिच्या डोक्यातून आप्पा गेले, मी गेले, तू गेलीस. एक सासू तेवढी राहिली होती. ती मी गालात दोरे घालून घरातून काढून दिली.

डॉक्टरीणबाईंना फोन केला की दोरे काढून द्या. त्या म्हणाल्या की काट्यांनी आत धरलंय, ओढून काढण्यात इजा जास्त, आणि काढले तरी गाल आधीसारखे होतील असं नाही. आपोआप विरघळायला वर्ष तरी जाईल. आईपाशी वर्ष नाही, आक्का. आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सलाईन लावायला बघितलं, शीर सापडत नाही.

मी काय करू ते सांग. तुझ्याशिवाय मला विचारायला कुणी नाही.

बानू

वाशी,
१३ जानेवारी २०२५

चि. बानूस आशीर्वाद.

रडत बसू नकोस. दाजींनी सृष्टीच्या बापाला बोलावून घेतलंय, तो दाजींपाशी राहिला की मी निघते. तोवर मला आठवतं ते सांगते, उपयोग झाला तर बघ.

आज्जी वारली तेव्हा तू पाळण्यात होतीस, मी चांगली कळती होते. आज्जी मारायची हे खरं. चिमट्याचा डाग आईच्या मनगटावर आहे, बघ. पण जेवायला बसली की भराभर जेवायची, सून खोळंबलीय म्हणून. आणि ताटात भाकरीचा चतकोर ठेवून उठायची, वर ठेचा. आई त्याच ताटात बसायची. तो चतकोर आधी खायची, मग बाकीचं वाढून घ्यायची. दोघी कधी एकमेकींशी गोड बोलल्या नाहीत, पण हे एक दिवस चुकलं नाही.

तू दोन ताटं कर. एक आत नेऊन जेव. भाकरी चावता येत नसेल तर कुस्करून खा, पण ताट उष्टं दिसू दे. चतकोर ठेव आणि ते ताट आईपुढं नेऊन सांग की आत्याबाई जेवल्या, रानात गेल्या, तुला बसायला सांगितलंय.

मी येतेच आहे. धीर सोडू नकोस, एवढंच मागणं.

म्हाळसाआक्का

अणदूर,
१९ जानेवारी २०२५

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. आईनं ताट दोन्ही हातांनी धरून नीट बघितलं. चतकोर बघितला, त्यावरचा ठेचा बघितला. मग खाली बसली आणि तो चतकोर पाण्यात बुडवून सगळा खाल्ला. मी आणि रुद्रम्माकाकू दाराआड उभ्या होतो. काकूंनी माझा हात घट्ट धरला होता. दुसऱ्या दिवशीही खाल्ला. वर थोडं माडगंही घेतलं. मी तुला पत्र लिहायला बसणार होते, चांगलं पत्र.

तिसऱ्या दिवशी तिनं ताटाला हात लावला नाही. म्हणाली की आत्याबाई जेवून जातात, पर माझ्यासमोर येत न्हाईत. माझ्यावर रागावल्यात. काय चुकलं ते सांगितल्याबिगर मी घास घेणार न्हाई. मी म्हटलं, रागावल्या नाहीत. तर म्हणाली की तुम्ही पाव्हण्या, तुम्हाला आमच्या घरचं काय म्हाईत.

मग मी आज्जीचं हिरवं लुगडं पेटीतून काढून नेसले. डोक्यावर पदर घेतला. आरशासमोर बसून दोन्ही हातांनी गाल खाली ओढले. हात धरून ठेवले तोवर आज्जी दिसते. सोडले की गाल वर जातात. तशीच, गाल धरून, आईपुढं जाऊन उभी राहिले. आई माझ्याकडं बघत राहिली आणि तिनं विचारलं की बाई, दाढ दुखती का.

ह्याच्यावर आता माझ्यापाशी काही नाही. ती दिवसभर दाराकडं तोंड करून बसते. पाणी चमच्यानं घेते, तेही कमी झालंय. बोलणं मात्र गोड आहे. आज दुपारी माझा हात हातात घेतला, मनगटावरून बोटं फिरवली आणि विचारलं की तुम्हाला आई हाय का. मी म्हटलं, आहे. ती म्हणाली की मग इथं काय बसलात, घरी जा. तुमच्या वाटंकडं डोळं लावून ती उपाशी बसली आसंल.

आक्का, मी उठले. तिचा शब्द मोडवला नाही. दारापर्यंत गेले, बाहेर पायरीवर बसले आणि तोंड उघडून रडले, दोरे तुटतील तर तुटोत म्हणून. पुन्हा आत गेले तेव्हा तिनं तुम्ही कुठल्या म्हणून विचारलं.

तू लवकर ये. मी हाक मारली तर ओ देणारं ह्या घरात कुणी उरलं नाही. माझ्यावरचा तुझा लोभ तेवढा असू दे.

तुझी,
बानू